कारवीमाळच्या फाटकावर दिलेला जबाब

प्रति,
मा. उपवनसंरक्षक (वन्यजीव),
कारवीमाळ राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्र.

अर्जदार : देवव्रत काशीनाथ आचवल, वय ४७, संस्कृत शिक्षक, रामघाट, वाराणसी.

विषय : वनरक्षक श्रीमती बकुळ घारे यांच्याविरुद्ध दिलेला जबाब मागे घेण्याबाबत.
संदर्भ : जबाबावरील सही अर्जदाराचीच आहे काय, अशी विचारणा करणारे आपले दि. २१ ऑक्टोबर २०२४ चे पत्र.

महोदय,

सही अर्जदाराचीच आहे. जबाब मात्र खोटा आहे. तो कसा झाला, ते अर्जदार पुढे सादर करीत आहे.

अर्जदाराच्या आत्या श्रीमती शरदिनीबाई, वय ७४, यांचे आयुष्य रामघाटाच्या गल्ल्यांत पायी गेले. तेथे दारापर्यंत वाहन येत नाही. एकदा गाडीत बसून डोंगर पाहावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून पुण्यातील मेहुण्यांची गाडी घेऊन अर्जदार त्यांना दि. ११ सप्टेंबर रोजी आपल्या उद्यानातील चौदा किलोमीटरच्या घाटरस्त्याने घेऊन निघाला. पहिला तासभर आत्या काच खाली करून प्रत्येक धबधब्याला हात जोडत होत्या.

नवव्या किलोमीटरला पुढे दरड कोसळलेली दिसली. अर्जदार गाडी वळवीपर्यंत मागचाही कडा रस्त्यावर आला. मध्ये जेमतेम दोनशे पावलांचा रस्ता उरला. एका बाजूस डोंगर, दुसरीकडे दरी, वर धुके, आणि मोबाईलला रेंज नाही. तेवढ्या जागेत एका जुन्या वनरस्त्याचे तोंड होते. परंतु वाहनांना बंदी असल्याने तेथे साखळी व कुलूप होते. आत्यांना दमा आहे. त्यांचा इनहेलर दुपारी संपला.

टेहळणीच्या चौकीवरून बकुळताई ढिगारा चढून पायी आल्या. वनरस्ता उघडण्याची परवानगी त्यांनी वायरलेसवर मागितली. "वरिष्ठांना विचारतो, थांबा," हेच उत्तर तीनदा आले. अडीच तास गेले. आत्यांचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा बकुळताईंनी दगडाने कुलूप तोडले, तसे वायरलेसवर कळवले आणि गाडीपुढे चालत, चिखलातले दगड हाताने सारत, चार किलोमीटर वाट दाखवली.

बाहेरच्या फाटकावर कर्तव्यावरील अधिकाऱ्यांनी लिहून तयार असलेला जबाब पुढे केला : घारे यांनी कोणतेही संकट नसताना, केवळ पर्यटकांस खूश करण्यासाठी, गाडी बंदी असलेल्या भागात नेली. वायरलेसचा त्यात उल्लेखही नव्हता. सही झाल्याशिवाय फाटक उघडणार नाही, असे सांगण्यात आले. "हे खरे नाही," एवढे अर्जदार म्हणाला. मागच्या सीटवर आत्यांचा श्वास घरघरत होता. तेव्हा बकुळताईच म्हणाल्या, "सर, सही करा. आजींना आधी दवाखान्यात न्या. माझं मी बघते." अर्जदाराने सही केली. फाटक उघडले.

ग्रामीण रुग्णालयात आत्या दोन दिवसांत सावरल्या. त्यानंतर फाटकावर परत जाण्यास अर्जदाराला कोणीही अडवले नव्हते. परतीचे आरक्षण आहे, अशी सबब त्याने स्वतःलाच दिली. घरी आल्यावर आत्या रोज विचारत, "त्या मुलीला चिठ्ठी टाकलीस का?" अर्जदार "हो" म्हणे. पुढे आपले पत्र आले आणि बकुळताई निलंबित असल्याचे कळले. ते पत्र अर्जदाराने नऊ दिवस दडवले. शाळेत शिकवताना, जेवताना, घाटाच्या पायऱ्या उतरताना त्याला दोन्हीकडून रस्ता बुजल्यासारखे होई. बोलावे तर स्वतःचा खोटेपणा उघडा पडतो. गप्प राहावे तर एका बाईची नोकरी जाते. दहाव्या दिवशी त्याने पत्र आत्यांपुढे ठेवले. त्यांनी एकच विचारले, "कागद वाचून सही केलीस, की बिना वाचता?"

"वाचून," असे अर्जदाराने सांगितले. त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत.

सबब विनंती की, सदर जबाब रद्द समजावा, त्या दिवशीची वायरलेसची नोंद तपासावी व श्रीमती घारे यांना कामावर परत घ्यावे. खोट्या जबाबाबद्दल जी कारवाई व्हायची ती अर्जदारावर व्हावी. आपल्या पत्रात कळवलेल्या दि. १८ नोव्हेंबरच्या चौकशीस अर्जदार स्वतः हजर राहील. डॉक्टरांनी प्रवासास मनाई केली असूनही आत्याही येणार आहेत. त्यांना बकुळताईंच्या बाजूने बोलायचे आहे, आणि त्या कोणाचे ऐकत नाहीत. त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. तरी दालनात पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवावी.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
(सही)
देवव्रत काशीनाथ आचवल
वाराणसी, दि. ४ नोव्हेंबर २०२४

सोबत : रुग्णालयाच्या कागदांची प्रत, श्रीमती शरदिनीबाईंचे स्वहस्ते लिहिलेले निवेदन.