तो जागा होता, तर

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र मिळालं. पन्नाशी उलटली तरी दादावर डाफरण्याची तुझी सवय काही जात नाही. हो, पित्ताशयात खडे आहेत. हो, दोनदा कळा येऊन गेल्या. आणखी एकदा आल्या तर जिवावर बेतू शकतं, ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले आणि मी नाही म्हणून घरी आलो. भीती सुरीची नाही, भुलीची आहे.

कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. तुझी वहिनी गेली त्या दुपारी आम्ही दोघं जेवून आडवे झालो होतो. मला स्वप्नसुद्धा पडलं नाही, अशी झोप लागली. जाग आल्यावर आळस दिला आणि खिडकीकडे बघतच तिला म्हणालो, की छान झोप लागली, काही म्हणजे काही कळलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून कूस बदलली. ती केव्हाच गेली होती.

एकतीस वर्षं कॉलेजात वेदान्त शिकवताना हेच वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो. काही कळलं नाही असं माणूस उठल्यावर सांगतो, मग ते न कळणं पाहिलं कुणी? म्हणजे गाढ झोपेतही आत एक जण जागा असतो, आणि तोच खरा तू. मुलं भराभर उतरवून घ्यायची. आता मला एवढंच विचारायचंय, की तो जागा होता, तर त्यानं मला उठवलं का नाही?

गेले दहा महिने मी खुर्चीतच बसून झोपतो, दर अर्ध्या तासाला गजर लावून. बोलायला कुणी नाही. परवा चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाला पाच मिनिटं फोन ठेवू दिला नाही. बिचारा गॅसची शेगडी दुरुस्त करणाऱ्याला शोधत होता.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ड्यूटीवर गेले, पण हात चालेना. एवढं मोठं ओझं दहा महिने एकट्यानं वाहिलंस आणि मला दर पत्रात हवापाणी कळवत राहिलास!

माझं काम तुला ठाऊक आहे. ऑपरेशन झालेल्यांना शुद्धीवर येईपर्यंत आमच्या खोलीत ठेवतात. मी उशाशी बसते, श्वास बघते, नाडी बघते, वेळ झाली की कागदावरचं पूर्ण नाव घेऊन हाक मारते. बावीस वर्षांत हजारोंनी डोळे उघडून आधी मला पाहिलं. त्यातला एकही मला बाजारात ओळखत नाही. घरी येऊन कुलूप काढते तेव्हा कधीकधी वाटतं, आपल्याला कोण हाक मारणार?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पण गाढ झोपेत दुसरा उरत नाही, नवरा-बायको, भाऊ-बहीण काही उरत नाही, हे मला तूच शिकवलंस ना? मग त्या दुपारी ती एकटी गेली आणि तू वेगळा पडून होतास, असं कशावरून म्हणतोस?

माझं माहेर म्हणजे आता तू एकटा. ऑपरेशन इथे, माझ्या हॉस्पिटलात करून घे. दगडासारखा अडून बसू नकोस, पोटात आहेत तेवढे खडे पुरेत.

तुझ्या धाकाखाली वाढलेली आणि आता तुला धाक घालणारी,
बारकी

१७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

उत्तर बरोबर आहे, पैकीच्या पैकी मार्क. पण ते डोक्यात उतरतं, पोटात उतरत नाही. मीही मुलांना हेच दिलं असणार, पाठ करण्याजोगं आणि निरुपयोगी.

काल पुन्हा कळ आली. फरशीवर बसून राहिलो. तेव्हा वाटलं, की आपण असेच एकटे गेलो, तर तुला ते कुणीतरी फोनवर सांगेल. येतो. अट एकच, उशाशी तूच बसायचंस.

भेटीपर्यंत हा हट्टी म्हातारा तुझ्या पदरात.
दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप घरी पोचलास हे कळलं. तुला त्या खोलीतलं काही आठवत नाही म्हणालास, म्हणून लिहिते.

वेळ झाली तेव्हा नियमाप्रमाणे तुला नावानं हाक मारायची होती. दादा, जन्मात मी तुझं नाव घेतलेलं नाही. कागद हातात होता, जीभ वळेना. तुझा श्वास, नाडी सगळं ठीक होतं, म्हणून नुसती बसून राहिले. मग तुझे तूच डोळे उघडलेस. क्षणभर तू कुणाचा नवरा नव्हतास, भाऊ नव्हतास, मास्तर नव्हतास. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पण तू होतास, चांगला लख्ख होतास. असं मी रोज बघते, पण आपल्या माणसाचं पहिल्यांदा पाहिलं.

मग छताकडे बघत तू म्हणालास, की छान झोप लागली, काही कळलं नाही. मी म्हणाले, माहीत आहे, मी जागी होते. तू मान हलवलीस आणि वहिनी कुठे आहे असं विचारलंस. मी खरं ते सांगितलं. तू माझा हात धरून खूप रडलास. दुःख नंतर आलं, दादा. तू आधी होतास.

जिने चढू नकोस. मला विसरलेल्या हजारोंत तू नसावास, एवढंच मागणं.
बारकी

२८ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. उठवण्याचंच तुझं काम, तरी तू उठवलं नाहीस, जागी बसून राहिलीस. त्याचा मला राग आला नाही. आतला जो आहे त्याच्यावरचा रागही मग थोडा उतरला.

एकटेपणा आहे तसाच आहे. पण काल दुपारी गजर न लावता पलंगावर झोपलो, माझ्याच बाजूला. जाग आली तेव्हा आधी कूस बदलली. तिची उशी नीट पाहिली. आणि मग तिच्याकडे बघून म्हणालो, की छान झोप लागली.

तूही सुट्टी काढून ये. तू झोप, मी उशाशी बसतो. आणि उठवताना हाक मारीन, बारकी म्हणून.

तुझा,
दादा