आज टाकलं ते आजच काढायचं

मॅडम, काल रक्तपेढीतलं जुनं मशीन मी कायमचं बंद केलं. बंद करण्याआधी, बाहेरून आणून त्यात टाकलेलं एकेक सॉफ्टवेअर काढत बसले, शेवटी आलेलं आधी आणि आधी आलेलं शेवटी, तुमच्या क्लासमध्ये काढायचो तसंच. आमचे अध्यक्षसाहेब दारातून डोकावले आणि म्हणाले, "ताई, भंगारात जाणाऱ्या मशीनले धुऊन-पुसून काहून ठेवून राहिल्या?" मी म्हटलं, सवय आहे. सवय कोणाची, ते सांगत बसले नाही. ते तुम्हाला सांगावं म्हणून लिहितेय, आणि आधीच सांगते, आज मी थोडी फुशारकी मारणार आहे. तुम्ही असतात तर मधेच थांबवलं असतंत, आता ऐकून घ्यावं लागेल.

तुमचा क्लास महाल नावाच्या वस्तीत, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर. खाली दुकानदार मशीनची चाचणी घ्यायचा तेव्हा वर आमच्या टेबलांना बारीक कंप सुटायचा. गल्लोगल्ली टायपिंग आणि टॅलीचे क्लास होते, आणि तुम्ही मात्र युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायला बसला होतात, जिचं नाव काढलं की आमचे नातेवाईक विचारायचे, याने नोकरी लागते का? पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर मधोमध रेघ ओढलीत. रेघेच्या अलीकडे सिस्टीमचं स्वतःचं सामान, पलीकडे बाहेरचं. गाणी वाजवणारं, चित्रं दाखवणारं, अक्षरं सजवणारं, जे जे दुसऱ्या कोणी लिहिलं आणि आपण आणून बसवलं, ते सगळं पलीकडच्या जागेत राहील. त्या एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणायचं. बाहेरचं पॅकेज रेघ ओलांडून अलीकडे आलेलं तुम्हाला खपत नसे.

पण खरी गंमत पुढे होती. पॅकेज बसवून झालं, पडद्यावर सगळं नीट आलं, आम्ही खूश होऊन मान वर केली, की तुम्ही मागे उभ्या. "हात मांडीवर. टाकलं तर टाकलं, आता काढशीन कशी वं?" आणि काढायला लावायचात. त्याच तासाला. आज टाकलं ते आजच काढायचं, हा तुमच्या क्लासचा कायदा. सबंध कोर्सभर आम्ही गाणी वाजवणारी पॅकेजं बसवली आणि एकही गाणं ऐकलं नाही! पलीकडच्या गल्लीतल्या क्लासची पोरं कॉम्प्युटरवर चक्क सिनेमे बघत होती आणि आम्ही बसवून काढत होतो, काढून बसवत होतो. एकदा एकजण काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, एक गाणं तरी ऐकू द्या ना." तुम्ही म्हणालात, "गाणं घरी ऐक ना गा, रेडिओ नाही का तुह्या घरी? इथं काढाले शिक." काढल्यावर तुम्ही स्वतः तपासायचात. कुठल्या कोपऱ्यात एखादी फाइल मागे राहिली असली, की बोट ठेवून विचारायचात, "पाहुणा गेला, अन् चप्पल इथंच?"

मला तुमचं एक बोलणं अजून जसंच्या तसं आठवतं. मी एकदा वाद घातला होता. म्हटलं, चाललंय की मॅडम, काढायची गरजच काय? तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात, म्हणजे आता खैर नाही हे सगळ्यांना कळलं. "चालून राहिलं म्हणून तुले त्यातलं काही माहीत नाही. बिघडलं का मग काय करशीन? रडशीन? ज्याले काढता येते त्यालेच टाकायचा हक्क आहे, समजली का?" मी समजले नव्हते, रागावले होते. घरी जाताना बसमध्ये कळमेश्वर येईपर्यंत तोंड फुगवून बसले होते. पण पुढच्याच आठवड्यात तुमच्या स्वतःच्या हातून चूक झाली. एक पॅकेज काढताना तुम्ही त्याच्यासोबत ते भलतंच काढलंत ज्याच्यावर बाकीची पॅकेजं टेकून उभी होती, आणि अर्धं मशीन मुकं झालं. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, मॅडमलेही येत नाही वाटते. तुम्ही ऐकलंत आणि हसलात. "हौ बाप्पा, चुकलं. आता सारे इकडे या अन् पाहा, चुकल्यावर उठावं कसं लागते." त्या दिवशी मी तुमच्या खुर्चीमागे उभी राहून जे पाहिलं, त्यावर माझी नोकरी चालू आहे.

कळमेश्वरहून सकाळच्या बसने येताना माझं जेवण बहुतेक वेळा राहूनच जायचं. मी कधी बोलले नाही, तुम्ही ओळखलंत. तास संपला की खिडकीतला तुमचा डबा उघडायचा, ज्वारीची भाकर आणि मुगवड्यांची भाजी, आणि प्रश्न ठरलेला, "जेवली का वं?" मी "हो" म्हटलं की तुम्ही अर्धी भाकर मोडून माझ्यापुढे ठेवायचात, म्हणजे माझ्या "हो"ची तुमच्याकडे काय किंमत होती ते दिसतंच आहे. कोर्सच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मला एक सीडी दिलीत. तुम्ही स्वतः लिहिलेलं, स्वतः बांधलेलं एक इवलंसं पॅकेज. ते बसवलं आणि आज्ञा टाइप करायचा काळा पडदा उघडला की पहिल्या ओळीत येतं, जेवली का वं? बस, दुसरं काही करत नाही. मी ते तुमच्यासमोर बसवलं, ओळ उमटली, आणि सवयीने हात मांडीवर घेतले. तुम्ही म्हणालात, "राहू दे." सबंध कोर्समध्ये तेवढं एकच पॅकेज तुम्ही राहू दिलंत.

तुम्ही गेलात तेव्हा मी हैदराबादला पहिल्या नोकरीत होते. बातमी उशिरा कळली, येता आलं नाही. त्याचं वाईट वाटतं, पण आज ते उगाळत बसणार नाही, आज मला आमच्या रक्तपेढीतली ती दुपार सांगायची आहे. इथली मशीनं मी सांभाळते. कुठल्या फ्रीजमध्ये कुठली पिशवी, कोणत्या गटाची, हे सगळं त्यांच्यावर, आणि लेबल छापल्याशिवाय रक्ताची पिशवी खिडकीबाहेर जात नाही. नवे फ्रीज आले तेव्हा त्यांचं तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर घेऊन बेसा गावातला एक मुलगा आला, फ्रीजच्या कंपनीतला, बोलायला गोड. म्हणाला, ताई, आमची फाइल चालवली की सगळं आपोआप बसतं. मी विचारलं, काढायचं कसं? "काढायचं काहून ताई? कोणी काढतच नाही." मी म्हटलं, मग आज बसणार नाही. अध्यक्षसाहेब वैतागले. सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, प्रत्येक गोष्टीत तुमचं हेच आहे. पुढल्या महिन्यापासून मशीनचं काम कंपनीलेच देऊन टाकतो, तुम्ही समोर काउंटरवर बसा." हसून म्हणाले, पण गंमत नव्हती ती. मशीनशिवाय मी काय आहे, मॅडम? तरी त्या मुलाच्या फायली घेतल्या, त्यांचं रीतसर पॅकेज बांधलं, सगळं सामान रेघेच्या पलीकडे जाईल असं. त्या पॅकेजला एक नवी लायब्ररी हवी होती, म्हणजे गल्लीतल्या नळासारखा, पुष्कळ प्रोग्रॅम मिळून वापरतात तो सामाईक भाग. आमच्याकडे होती ती जुनी लायब्ररी मी पॅकेज करून बाजूला जपून ठेवली. शिल्लक पडलेल्या मशीनवर बसवून पाहिलं, काढून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या मशीनवर चढवलं. मुलगा बिचारा शेजारी बसून सगळं बघत होता.

दुपारी आमची टेक्निशियन धावत आली, "ताई, लेबल निघून नाही राहिलं!" लेबल छापणारा प्रोग्रॅम त्याच लायब्ररीवर टेकलेला होता, आणि नवी त्याला चालेना. शिल्लक मशीनला प्रिंटर नव्हता, म्हणून आधी दिसलं नाही. खिडकीशी एक माणूस चिठ्ठी घेऊन उभा. बायको ऑपरेशनच्या टेबलावर. "जल्दी करा ना बाई, डॉक्टर थांबले हायेत." अध्यक्षसाहेब आले, तो मुलगा कंपनीला फोन लावू लागला, आणि पलीकडून कोणी उचलेना. मॅडम, मी खुर्ची पुढे ओढली. मी हे आदल्या दिवशी करून पाहिलेलं होतं. पॅकेज काढलं, नवी लायब्ररी काढली, जपून ठेवलेली जुनी परत बसवली, आणि प्रिंटर घुरघुरला. तो माणूस पिशवी छातीशी धरून पळाला. संध्याकाळी तोच परत आला, नुसता खिडकीशी उभा राहून हात जोडून गेला. अध्यक्षसाहेबांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि माझा कप स्वतः आणून टेबलावर ठेवला. काउंटरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्या मुलासोबत बसून मग मी त्याच्या पॅकेजला त्याची लायब्ररी वेगळ्या जागी दिली, आता दोन्ही सुखाने नांदतात. परवा त्याचा फोन आला होता. दुसऱ्या एका गावी फ्रीज बसवत होता आणि तिथल्या माणसाला म्हणत होता, दादा, आधी काढायचं कसं ते पाहून घेऊ. मला ऐकवायलाच फोन चालू ठेवला होता त्याने. मी पदर तोंडाला लावून हसले, आणि खरं सांगायचं तर थोडी रडलेही. तुमचा क्लास चालू आहे, मॅडम.

नवं मशीन मागवताना अध्यक्षसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणसान तसं." आज मी त्याच नव्या मशीनवर हे लिहितेय. तुमचं पॅकेज यात सर्वात आधी बसवलं. इतक्या वर्षांनी नव्या सिस्टीमला ते पचेना, थोड्या ओळी बदलाव्या लागल्या. बांधणाऱ्याच्या नावात तुमच्या खाली आता माझंही नाव आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, इथेच राहील. पडद्यानं मघाशी विचारलं तेव्हा मी हळूच "हो" म्हटलं. डबा अजून उघडलेला नाही.

आणि काल त्या जुन्या मशीनमधून मी सगळं काढलं म्हटलं ना, ते पूर्ण खरं नाही. शेवटी तुमचं ते एकच उरलं होतं. काढायची आज्ञा मी टाइप केली, हात मांडीवर घेतले, मग टाइप केलेलं पुसलं आणि मशीन तसंच बंद केलं. तुमच्या हाताखाली शिकले, मॅडम, आणि इतक्या वर्षांत हे एक काढून पाहिलं नाही, एकदाही नाही.