उभी असतील तेवढी

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तू बरा असशीलच. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की तुला वाचल्याशिवाय राहवणार नाही. लहानपणी भिंतीला चिकटवलेली जुनी वर्तमानपत्रंसुद्धा तू मान वाकडी करून वाचायचास.

पाऊस नाही, ही आता बातमी राहिलेली नाही. कुरण नावाला कुरण आहे. विहिरीला पाणी आहे, तेवढं नशीब. म्हणजे प्यायला आहे आणि खायला नाही, अशी आपल्या गाईंची तऱ्हा. चाऱ्यासाठी बाबांनी काय काय केलं ते ऐकलंस तर हसशील. आधी गोठ्याच्या छपरावरचं गवत उतरवून घातलं. मग तुझ्या खोलीतली गादी फाडली, कारण आत पेंढा होता. मी म्हटलं, दादा आला तर झोपेल कुठे? त्यांनी उशी तेवढी राहू दिली. सध्या निवडुंग चालू आहे. काटे जाळायचे, तुकडे करायचे आणि घालायचे. माझ्या केसांना सारखा जळका वास येतो. शेजारची शिंपीण म्हणते की, मी आले हे तिला आता दाराच्या आधीच कळतं.

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे कोण कोण खाली बसलंय ते बघायचं. बसलेली अशक्त गाय आपली आपण उठत नाही, आणि दिवसभर तशीच राहिली की तिची आशा सोडायची, हे तुला माहीतच आहे. तू होतास तेव्हा आपण तिघं होतो. मी डोक्याशी, बाबा पोटाखालच्या पट्ट्याशी आणि तू शेपटीशी. गाय आधी मागच्या पायांवर उठते. तिने जोर लावला की नेमकं तेव्हाच शेपटीच्या मुळाशी धरून वर घ्यायचं, आधी नाही आणि नंतर नाही. तुला ते बरोबर कळायचं. बाबांनाही कळतं, पण त्या वेळी त्यांचे हात पट्ट्यात अडकलेले असतात. तिकडे बंदरावर तू क्रेनने घराएवढे कंटेनर उचलतोस म्हणे. इकडे एक हाडांचा सापळा उठवताना आम्हा दोघांच्या नाकी नऊ येतात.

आता खरी बातमी. सरकार चारा देणार आहे. वाळल्या गवताचे गठ्ठे आणि पेंडीची पोती. त्याआधी मोजणीवाला प्रत्येक कुरणावर येणार, आणि जी जनावरं स्वतःच्या पायांवर उभी असतील तेवढ्यांनाच चारा मिळणार. बसलेल्यांना नाही. चारा थोडा आहे, जे वाचायचं नाही त्याच्या तोंडात कशाला घालायचा, असं त्यांचं म्हणणं. ऐकून डोकं फिरलं. मग वाटलं, त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. मग पुन्हा डोकं फिरलं.

तू म्हणाला होतास तेव्हाच कळप विकला असता तर, असं मी लिहिणार नाही. बाबांनी तुला पुन्हा गोठ्यात पाय ठेवू नकोस म्हणून सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, आणि तू त्यांना जे म्हणालास तेही मी ऐकलं. त्यात निवड करावी असं काही नव्हतं. मी तुला ये म्हणत नाही. त्याला बोलवायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. मी आपली नुसती बातमी कळवतेय.

तुझी,
टकळी

१४ मार्च

प्रिय दादा,

तुझं उत्तर नाही, तेव्हा तू खुशाल आहेस असं समजते. हे पत्र चाऱ्याच्या ट्रकवाल्याकडे देतेय. गठ्ठे तुझ्याच बंदरावर उतरतात आणि हा तिथूनच भरून आणतो, हे मला त्याच्याशी गप्पा मारताना कळलं. कदाचित आमचे गठ्ठे तूच उतरवले असशील. तसं असेल तर आभार.

मोजणी झाली. चारा आला. पहिला गठ्ठा सोडला तेव्हा असा वास सुटला की मी गुपचूप एक काडी चावून बघितली. गाईंनी माना उचलल्या. मला रडू आलं, पण ते ट्रकवाल्यासमोर नको म्हणून मी पोती मोजायचं नाटक केलं.

आपली कारभारीण गाय गेली. सगळा कळप जिच्या मागून चालायचा ती गेल्यावर बाकीच्या पाण्यावर जायलाही का कू करतात. कशी गेली ते पुढे कधीतरी लिहीन.

बाबा सध्या गोठ्यात येत नाहीत. पाठीला जरा लागलंय. खाटेवरून हुकूम सोडतात, त्यामुळे घरात शांतता आहे असं म्हणता येणार नाही. माझ्या मदतीला शिंपीण येते आणि गाईच्या डोक्याशी उभी राहते. तिला गाईची भीती वाटते आणि गाईला तिची, तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत बसतात आणि मी मागे एकटी झटते.

दादा, चारा मिळाला की सुटलो असं मला वाटत होतं. तसं होत नाही. इतक्या उपासानंतर त्यांच्या पायांत काही उरलेलंच नाही. बसल्या जागी खातात, पण खाऊन उठत नाहीत. एकाच अंगावर राहिल्या की खालचे पाय बधिर होतात, म्हणून सारखी कूस बदलावी लागते, आणि एका गाईची बदलेपर्यंत दुसरी कलंडते. काल दोन गेल्या. दोघींच्या तोंडात गवत होतं. महिनाअखेरीस पुन्हा मोजणी आहे, आणि तेव्हा ज्या उभ्या असतील त्यांचाच चारा चालू राहील.

आज बाबांनी विचारलं, शेपटीशी कोण असतं? मी म्हटलं, मी. मग पट्ट्याशी? मी म्हटलं, तिथेही मीच. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दुपारची पेजही नको म्हणाले.

तू जेवत जा वेळेवर.

तुझी,
टकळी

१७ मार्च

दादा,

नमस्कार वगैरे राहू दे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाबांच्या पाठीला लागलंय हे खरं आहे. जरा लागलंय हे खोटं.

मोजणीवाला सकाळी येणार असा निरोप होता. बाबांनी उजाडायच्या आत एकेक गाय उठवायला लावली. तुळईवरून पट्टे टाकले, ते प्रत्येकीच्या पोटाखालून घेतले आणि सगळ्यांना उभं करून ठेवलं. पट्टे दिसू नयेत म्हणून पाठींवर गोणपाट टाकलं. पट्ट्यात गाय थोडाच वेळ ठेवायची, नाहीतर उरलंसुरलं बळ ती उभं राहण्यातच घालवते, हे आपल्याला शिकवलं कोणी? बाबांनीच. तेच विसरले. विसरले नाहीत, विसरायचं ठरवलं. सकाळ गेली, दुपार गेली, कोणी आलं नाही. मी म्हटलं, बाबा, सोडू या, घटकाभर बसू देत. ते म्हणाले, आता बसल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत. तेही काही चूक नव्हतं. त्यांना तसंच ठेवलं, रात्रभर. आम्ही दोघं त्यांचे पाय चोळत फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीची धूळ दिसली. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती म्हणे. बाबांनी भराभर पट्टे सोडले, कारण स्वतःच्या पायांवर उभ्या दिसायला हव्यात. बाकीच्या डुलल्या, पण राहिल्या. कारभारीण मागून खचली. बाबांनी तिला खांदा लावला. मी ओरडले, सोडा तिला. त्यांनी सोडलं नाही.

मोजणीवाला आत आला तेव्हा बाबा तिच्या खाली होते, नुसतं डोकं आणि एक हात बाहेर. मला वाटलं ते मदत मागतील. ते म्हणाले, "साहेब, ती उभी होती. मी पडलो म्हणून ती पडली. तिला लिहा."

त्या माणसाने हातातलं सगळं टाकलं आणि धावत आला. आम्ही दोघांनी तिला ओढून बाजूला केलं. ती तेवढ्यातच गेली होती. मग त्याने उभ्या होत्या त्या लिहिल्या, आणि दादा, त्याने कारभारणीलाही लिहिलं. आपल्याकडे एका मेलेल्या गाईचा चारा येतोय. मी तो बाकीच्यांना घालते आणि तोंड बंद ठेवते.

काल आरोग्य केंद्राची नर्स येऊन गेली. तिने बाबांच्या पायांना सुई टोचली, त्यांना कळलं नाही. लघवी होत नाही, ताप उतरत नाही. मला बाहेर बोलावून ती म्हणाली की बंदराच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्या, आणि उद्यावर ढकलू नका. रुग्णवाहिकेला विचारलं तर इकडे येणारी गाडी दुरुस्तीला आहे. चाऱ्याचा ट्रक मात्र आज रिकामा होऊन बंदराकडे परत चाललाय.

मी त्यांच्याबरोबर यायला निघाले होते. कपडेसुद्धा भरले होते. बाबा म्हणाले, तू गेलीस तर मी या खाटेवरून हलणार नाही, इथेच काय व्हायचं ते होऊ दे. तू त्यांना ओळखतोस. वाद घालायला वेळ नव्हता. म्हणून मी थांबतेय. या गाई मी एकटी उठवू शकत नाही, हे मला कळतं. शिंपीण कितीही भली असली तरी ती शिंपीण आहे. कदाचित मोजणीपर्यंत इथे मोजायला काही उरणारही नाही. पण मी इथे आहे एवढ्यावरच ते ट्रकमध्ये चढायला तयार झाले. मला भीती वाटते, दादा. इथे थांबायची वाटते आणि त्यांना एकटं पाठवायची त्याहून जास्त वाटते. वडील आजारी असताना मुलगी गुरं सांभाळत बसली असं कोणी म्हणालं, तर मी त्याला काय सांगू?

तुला बोलवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. मी तो शब्द मोडलेला नाही. तुला बोलवत नाही, त्यांनाच तुझ्याकडे पाठवतेय.

ट्रकमध्ये खाली गवताचा जाड थर घातलाय आणि त्यावर स्वयंपाकघराचं दार काढून त्यांना त्याच्यावर निजवून बांधलंय. उतरवताना दारासकट उतरवायचं, पाठ वाकू द्यायची नाही, हे नर्सने दोनदा सांगितलं. ट्रकवाला तुला ओळखतो. मागचं पत्र तुझ्या हातात देताना तो तिथे थांबला होता. तू फाडलं नाहीस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि पुन्हा क्रेनवर चढलास, एवढं त्याने मला सांगितलं. त्या एवढ्याशा गोष्टीवर मी आज बाबांना घराबाहेर काढलंय.

ट्रकवाला या कागदासाठी खोळंबलाय. ट्रक कुठे थांबणार ते बाबांना आधी सांगितलं नव्हतं. आत्ता इंजिन चालू झालं तेव्हा सांगितलं. वाटलं, आता दोऱ्या तोडायला लावतील. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "उतरवून घेईल ना तो मला?"

मी तुझ्या वतीने हो म्हटलंय.

तुझ्या भरवशावर,
तुझी बहीण