सातवा बार

१२ मार्च १९५७

समन्स आलं. साक्षीदार म्हणून! दिघीच्या खाणीत सुरुंग उडून ज्योतीराम गेला त्याला महिना झाला, आणि खटला भरलाय सुरुंग लावणाऱ्या रंगरावावर.

१४ मार्च

इथे तरी खरं लिहितो. सुरुंग सात होते. किती बार उडाले ते मोजायचं काम कागदावर रंगरावाचं. पण तो कानांत बोळे घालून कपारीत बसतो आणि वरून मोजतो मी — हजेरी कारकून. बार सहाच झाले. सातवा आवाज पलीकडच्या लष्करी हद्दीतल्या तोफेचा, मी तोही धरला! 'सात झाले' म्हणून हात केला. रंगरावाने धोक्याचा लाल बावटा खाली घेतला. ज्योतीराम पहार घेऊन पुढे गेला, आणि तेव्हा राहिलेला सुरुंग उडाला.

पोलिसांना सांगितलं, मी हजेरी लिहीत होतो.

१९ मार्च

यशवंतराव वकिलांना विचारलं, साक्षीला नाही म्हणता येईल का? हसले. 'अहो, गप्प बसायची मुभा आरोपीला. साक्षीदाराला विचारलं की सांगावंच लागतं. मात्र कोर्टाने जबरीने वदवून घेतलेलं तुमच्यावर उलटवता येत नाही.'

म्हणजे तुरुंगाची भीती नाही. मग भीती कसली?

२० मार्च

ज्योतीरामची बायको रतनबाई विहिरीवर भेटली. 'भाऊ, तुमी व्हता तितं. समदं सांगा बरं का कोर्टात.' हो म्हणालो. हिच्यापासून कुठला कायदा मला वाचवणार?

२५ मार्च

उद्या साक्ष. जेवण गेलं नाही.

२६ मार्च

शिपायाकडून पेन्सिल मागून घेतली. कोठडीत आहे.

'बार कोणी मोजले?' रतनबाई समोरच, पदर तोंडाला लावून बसलेली. माझं तोंडच उघडेना. न्यायाधीश साहेबांनी तीनदा विचारलं, तंबी दिली, शेवटी आठवडाभर कोठडी. रंगराव आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. एका शब्दात सुटला असता बिचारा. भेकड आहे मी, भेकड!

२९ मार्च

आजच सोडलं. माझ्या साक्षीची गरज उरली नाही म्हणे. रंगरावाने कोर्टात उभं राहून सांगितलं — 'बार मीच मोजले, मीच चुकलो. आमच्या कारकुनाला सोडा.'

संध्याकाळी रतनबाई भाकरी घेऊन आली. 'तुमाला उगाच तरास झाला, भाऊ.'

खाल्ली.