हॅस्केल येणारी बाई

३ मार्च
पुन्हा नकार. कितवा ते मोजणं सोडलंय. मुलाखत घेणारा माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. म्हणाला, "मॅडम, हॅस्केल छंद म्हणून ठीक आहे. जावा किती येतं?" वाचण्यापुरतं, म्हटलं. त्यानं हसून लॅपटॉप मिटला.
अकरा वर्षं एकाच कंपनीत, कंप्युटरच्या एकाच भाषेत, हॅस्केलमध्ये, प्रोग्रॅम लिहिले. कंपनी बंद पडली — आणि आता माझी भाषाच कुणाला नको.

६ मार्च
मावशी आली होती. आईनं तिला माझं सगळं रडगाणं ऐकवलं. मावशी म्हणाली, "अगं, भाषा येते ना? मग घरी क्लास काढ. बोलायला शिकव." आई आणि मी हसत सुटलो. बऱ्याच दिवसांनी.
ती गेल्यावर आई हळूच म्हणाली, "दादा म्हणतो तसं कर बाई. सगळे करतात ते शिक." मी कपबशा उचलून आत गेले.

११ मार्च
जावाचं पुस्तक. तीस पानं. समजतं सगळं, मन लागत नाही.

१९ मार्च
फोन आला! एका रक्तपेढीतून. कुठली पिशवी कधी आली, कधी बाद होणार, कुठे गेली — त्यांचा सगळा कारभार हॅस्केलमधल्या प्रोग्रॅमवर चालतो. लिहिणारा केव्हाच सोडून गेला. आता पडद्यावर मधूनच कपाटात असतात त्याहून पिशव्या जास्त दिसतात. व्यवस्थापक म्हणाले, "ही भाषा इथे कुणाला वाचताही येत नाही. सहा महिन्यांत सगळं जावात आणून द्या. मग कायम करू."
म्हणजे माझ्या भाषेतलं काम मिळालं, तेही तिला हद्दपार करण्याचं. मी हो म्हणाले. आईनं आधी दादाला फोन लावला.

२७ मार्च
त्या सोडून गेलेल्या माणसाचा कोड वाचतेय. एक ओळ जास्तीची नाही. याची मोडतोड मी करायची. आणि चूक कुठे आहे तेच सापडत नाही.

२ एप्रिल
सापडली. प्रोग्रॅममध्ये नाहीच!
आज दिवसभर पिशव्या घेतात त्या खिडकीशी बसले. लेबल ओलं होऊन फाटलं की तिथल्या ताई नवं छापून चिकटवतात. नव्या लेबलाला नवा नंबर. जुना रद्द कुणी करतच नाही. पिशवी एक, नंबर दोन. रद्द करायची सोय प्रोग्रॅममध्ये आहे, पहिल्याच पानावर. ताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो."

३ एप्रिल
व्यवस्थापकांना अजून बोलले नाही. गप्प राहिले तर सहा महिने, आणि मग कायमची नोकरी. आईनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलंय. जावात आणतानाच जुना नंबर आपोआप रद्द व्हायची सोय गुपचूप करता येईल की.
पण आज दुपारी पडद्यावर ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या होत्या. मी स्वतः कपाट उघडून पाहिलं. एकच होती. दुसरीसाठी कुणीतरी धावत आलं असतं तर?

४ एप्रिल
व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. फार खूश झाले. माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "वाचवलंत आम्हाला. म्हणजे प्रोग्रॅम उत्तमच आहे — मग बदलायचा कशाला?"
सोमवारपासून येऊ नका, हे त्यांना म्हणावंही लागलं नाही.