दिंडोशीच्या भिंतीची बाहेरची बाजू

मी, द्रौपदी धोंडिराम सोनटक्के, वय ५३, धंदा विनोदी लेखन (आयकर खातं याला धंदा मानतं, माझे नातेवाईक मानत नाहीत), राहणार तळमजला, दिंडोशी, गोरेगाव पूर्व, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही." ते ऐकून मी तडक वकिलांना फोन केला.

१. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी भाची शीतल हिला. अट कलम ४ मध्ये. शीतल, ते आधी वाच, मग रड.

२. माझी पुस्तकं ज्यांनी उसनी नेली आहेत, त्यांनाच ती मृत्युपश्चात बक्षीस. नाहीतरी परत कोण देणार होतं?

३. आता भिंत. वकील म्हणतात, पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू माझी, बाहेरची सोसायटीची. म्हणजे ओल माझी आणि चित्र त्यांचं. रविवारच्या सभेत इमारतीला बाहेरून सगळीकडे क्रीम रंग मारायचा ठराव येणार आहे. मी तेव्हा आयसीयूत असेन. म्हणून माझ्या वतीने हा कागद भांडेल.

चित्र आमच्याच रहिवासी संघाने गेल्या वर्षी काढवून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर राधा सिद्दी भाड्याने राहते. चित्रकार आहे. दोन वर्षं सगळे तिला विचारत होते, "आफ्रिकेत कुठे गं?" ती सांगायची, "यल्लापूर. कर्नाटकात." शेवटी संघाच्या बैठकीत ती म्हणाली, "आमची माणसं या मुलखात शेकडो वर्षं आहेत. एक भिंत द्या, दाखवते."

तिने मलिक अंबर काढला. दोन मजले उंच, काळाभोर, हातावर बसलेला ससाणा, आणि पायाखालून वाहत गेलेलं पाणी. परांची उतरली तेव्हा मी समोर उभी होते. आयुष्यभर सगळ्याची टर उडवली, त्या दिवशी एक शब्द सुचला नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी अनिरुद्ध पाटकर यांना मात्र सुचला. "मॅडम, चेहरा जरा उजळ करता येईल का?"

राधा म्हणाली, "तुम्ही आधी व्हा, मग त्याला करते."

पुढच्या शनिवारी सुगंधाकाकी परब वाटीभर तेल घेऊन आल्या आणि त्याच्या पावलांवर ओतलं. मी धावले. "काकी, काय करताय?"

"अगो, ह्यो शनिदेव नाय? मगे कोण?"

राधा जिन्यावरून उतरत होती. आता वाट लागली, असं मला वाटलं. पण ती काकींच्या शेजारी बसली आणि सांगू लागली. हबशांच्या देशातला मुलगा. लहानपणी विकला गेला. बाजारामागून बाजार फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. खडकी शहर वसवलं, जमिनीखालून नहर काढून त्या शहराला पाणी दिलं.

काकी एवढंच म्हणाल्या, "पोराक इकल्यानी? आणि तेची आवस खंय होती?"

"आईचं कुणी लिहून ठेवलं नाही, काकी."

दुसऱ्या दिवशी भिंतीखाली माठ आला, पाणी काढायच्या ओगराळ्यासकट. "तेणां पाणी हाडल्यान ना? मगे तेल कित्याक? पाणीच ठेवूया."

तेव्हापासून तिथे वॉचमन पितो, कचरावाली पिते, कुरिअरवाले पितात. एकच ओगराळं. माझ्या बापाला, धोंडिरामला, गावात पाणी वरून ओतलं जायचं, तो खाली ओंजळ धरून उभा राहायचा. मी रोज खिडकीतून त्या माठाकडे बघते. अजून डोळ्यांना खरं वाटत नाही.

४. म्हणून अट अशी. परांचीचे बांबू माझ्या पडवीत रोवल्याशिवाय त्या भिंतीवर रंग चढत नाही, आणि पडवी आतल्या बाजूत मोडते. शीतलने तिथे एकही बांबू रोवू देऊ नये. दिला, तर घर राधा सिद्दी हिचं.

५. माठ रोज भरण्याचं काम सुगंधाकाकींकडे, त्यांच्यानंतर शीतलकडे.

६. माझी लोखंडी शिडी अनिरुद्ध पाटकर यांना. उजळ करायचा सल्ला त्यांनी जमिनीवरून दिला होता, चेहरा एकदा जवळून बघावा. ते या कागदाचे साक्षीदारही आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणतात. हे देणं नव्हे, टोमणा आहे.

वरचं सगळं माझंच, कानामात्रेसह.

सही: द्रौ. धों. सोनटक्के
ठिकाण: दिंडोशी
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

माझ्यादेखत सही करणारे साक्षीदार:
१. सुगंधा धाकू परब
२. अनिरुद्ध पाटकर

ता. क. पाटकर सही करायला खाली आले, ते आधी माठाशी थांबून पाणी प्यायले. मग वर बघत राहिले. बराच वेळ. मग खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला, वाकले आणि पावलांवरचा तेलाचा जुना डाग पुसू लागले. निघेना, तरी पुसत होते. मी खिडकीत होते, त्यांना माहीत नव्हतं.

शिडी आजच देऊन टाकली. कलम ४ मात्र खोडत नाही. रविवार अजून यायचा आहे.