टेकलेली मेंढरं

माय, आज ऊन कलल्यापासून मी घरात नुसता येरझाऱ्या घालतोय. कूलर चालू आहे, वाळ्यावर पाणी मारलंय, खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्यात, तरी बूड टेकत नाही. तुझी सून मघाशी वैतागून म्हणाली, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का? बसा की एका जागी." म्हणून बसलोय नि तुला लिहायला घेतलंय. तुला वाचता कुठं येत होतं, आणि तू जाऊनही आता किती उन्हाळे झाले. पण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

आम्ही राहतो ती बिल्डिंग पैठण रोडवर आहे. फाटकाला लागून एक मोकळा प्लॉट, त्यात एक मोठा लिंब. चितेगावच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून माझी दुपार त्या लिंबाकडं बघण्यात जाते. आज बाराच्या सुमाराला त्याच्याखाली मेंढरं येऊन टेकली. बरोबर नवरा-बायको, सामान लादलेलं एक घोडं, नि म्होरकी शेळी. नवरा घोड्याला पाणी पाजायला कुठंतरी गेला, बाई एकटीच बसली. मी गॅलरीत उभा राहून बघत होतो.

मेंढरं दुपारी टेकली की त्यांना उठवायचं नाही, हा तुझा कायदा. म्होरकी शेळी आपणहून उठून अंग झाडेल तेव्हाच निघायचं, मग आपल्या पोटात कावळे ओरडत का असेनात. शाळेच्या सुट्टीत मी तुझ्यामागं फिरायचो, तेव्हा हा कायदा मला अगदी नकोसा व्हायचा. तो दिवस आठवतो? लासूर स्टेशनच्या पुढं एका बागायतदाराच्या आंब्याखाली आपण टेकलोय. तो बांधावरून ओरडत येतो, "ए बाई, उठव ही घाण!" तू बसल्या जागेवरून म्हणतेस, "मालक, आंबा तुमचा हाय, कबूल. पर सावली बी सातबाऱ्यावर चढलीय व्हय?" मला हसू फुटतं. त्याला मात्र हसू आलं नाही. त्यानं ढेकळं मारून मेंढरांचं सगळं खांड उठवलं. पुढं डांबर वितळलेला रस्ता, आणि झाड म्हणून एक नाही. आपली गाभण मेंढी कडेला बसली ती बसलीच. तू तिच्यावर घोंगडं ताणून उभी राहिलीस, स्वतः भर उन्हात. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "माय, चल ना, ती काय आता उठत नाय." तू खेकसलीस, "गप ऱ्हा! जीव जाईस्तोवर तरी तिला सावली नको?" ती मेल्यावरच तू घोंगडं खाली घेतलंस.

सावलीच्या बाबतीत तू अशी वेडी होतीस. कंपनीत लागल्यावर पहिल्या पगारात मी गुलमंडीवरून तुझ्यासाठी चांगली काळी छत्री आणली होती. पुढच्या वेळी येऊन बघतो तर छत्री रानात काठीला बांधलेली नि खाली कालच जन्मलेलं कोकरू आरामात झोपलेलं. मी चिडलो. "अगं, तुझ्यासाठी आणलीय ती!" तर म्हणे, "मला पदर हाय की. त्याला काय हाय?" मला खरंच लई राग आला होता. आता ते कोकरू आठवलं की एकटाच हसतो.

तर आज. आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना मेंढरांचा वास आला. त्यांनी वॉचमनला सांगितलं, हाकलून दे. त्यानं शिट्टी फुंकली, काठी आपटली. त्याला वाटलं मेंढरं रोडकडं पळतील. कशाला पळतील? रोडवर ऊन, नि इकडं पार्किंगची गार फरशी. सगळं खांड फाटकातून आत घुसलं नि गाड्यांच्या मधे एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभं राहिलं. वरून ओरडा सुरू झाला, "अरे हटाव ना इनको, गाडीपे चढेंगे!" चेअरमनसाहेबांनी मला हाक मारली. "तुम्ही गावाकडचे, तुम्हाला यांच्याशी बोलायला जमतं. बाहेर काढा यांना, आणि आत्ताच्या आत्ता जायला सांगा."

गावाकडचा, एवढंच त्यांना माहीत आहे. गाव विचारलं की मी सांगतो, लासूरकडचा, शेती आहे. खोटं नाही ते, बाबांनी शेवटी तुकडा घेतलाच होता. मेंढरांचं नाव मात्र मी इथं कधी काढलं नाही. लाज वाटते, दुसरं काय.

मी मेंढरांमधून वाट काढत आत गेलो. जीभ टाळ्याला लावून तू काढायचीस ती हाक घशाशी आली. एक हाक मारली असती तर सगळी बाहेर आली असती. पण गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. मी ती गिळली. तेवढ्यात ती बाई धावत आली, तिनं हाक दिली, नि खांड मुकाट्यानं तिच्यामागं लिंबाखाली गेलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "आता रस्त्याला लावा." तेव्हा मात्र माझा आवाज चढला. "साहेब, या उन्हात निघाली तर वाटेत मरतील. ऊन उतरल्यावर जातील. तोवर मी खाली थांबतो, काही झालं तर मला बोला." ते घाम पुसत वर गेले. उन्हामुळं बाकीचेही आत गेले.

मी लिंबाखाली थांबलो. मेंढरं पुन्हा टेकली. त्या बाईनं मला तांब्याभर पाणी दिलं नि माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "दादा, तुम्ही मेंढरातनं चालत गेलात, एक बी बुजलं नाय. कोणचे तुम्ही?"

मी म्हणालो, "तुमच्यातलाच. माझी माय मेंढरं राखायची."

"तरीच," ती म्हणाली. ऊन कललं, नवरा घोडं घेऊन परत आला, शेळी उठली, ती सगळी गेली. तेव्हापासून मी असा फिरतोय. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणी वाचावं असंही वाटत नाही, म्हणून घडी करून कपाटात ठेवतोय. एवढं ऐकून तू खूश झाली असतीस. पण माय, तुला म्हणून सांगतो, त्या बाईला उत्तर देण्याआधी मी मान वर करून सगळ्या गॅलऱ्या बघून घेतल्या.